त्याच चालीवर

'कंट्री म्युझिक' म्हटलं की आमच्या विंगमध्ये दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, "म्हणजे ते काउबॉय वगैरे ना?" आणि दुसरी, "हेडफोन लाव गं बाई, उद्या व्हायवा आहे." मेटल ऐकणाऱ्यांना हॉस्टेलमध्ये मान असतो. गझला ऐकणारा प्रेमात पडलाय असं समजून त्याला मेसमध्ये एक्स्ट्रा गुलाबजाम मिळतो. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बायकांची रडकी गाणी ऐकणारी मुलगी दिसली, की लोक हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे. ही सवय भुसावळची आहे. आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो. समोरच्या क्वार्टरमध्ये एक रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर अंकल राहायचे आणि त्यांच्याकडे जिम रीव्हजच्या कॅसेट होत्या. ज्यांची शाळा कॉन्व्हेंटची, त्यांना जिम रीव्हज कोण हे सांगायला नको. नाताळच्या कार्यक्रमाच्या प्रॅक्टिसला तो असायचाच. बाकीच्यांसाठी सांगते. टेक्सासचा माणूस, मखमलीसारखा खर्जातला आवाज. ३१ जुलै १९६४ रोजी स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ कोसळून तो गेला. भारतातल्या ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन घरांनी त्याला इतकं आपलं मानलं, की मी लहान असताना भुसावळात तो जिवंतच आहे अशी माझी समजूत होती.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'ही'ल हॅव टू गो'. १९६० साली ते अमेरिकेच्या कंट्री यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. प्रसंग साधा आहे. एक माणूस कुठल्याशा बारमधून आपल्या प्रेयसीला फोन करतोय. तिच्या शेजारी दुसरा कोणीतरी आहे, हे त्याला माहीत आहे. तो अगदी मवाळपणे तिला सांगतो, की काय ते ठरव आणि त्या दुसऱ्याला जायला सांग. रीव्हज हे माइकच्या इतक्या जवळून गातो, की आपल्याच कानाशी रिसीव्हर धरल्यासारखं वाटतं. गंमत अशी, की त्या फोनवर पलीकडची बाई एक अक्षरही बोलत नाही. मी सात-आठ वर्षांची असताना अंकलना विचारलं होतं, "मग ती काय म्हणाली?" अंकल थोडा विचार करून म्हणाले, "लाइन कट गयी होगी, बेटा."

लाइन कट झाली नव्हती. फर्स्ट इयरला असताना, इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीट संपवायच्या सोडून मी यूट्यूबवर काहीबाही शोधत होते, तेव्हा मला ती सापडली. जीन ब्लॅक नावाच्या गायिकेने त्याच १९६० साली 'ही'ल हॅव टू स्टे' नावाचं गाणं म्हटलं होतं. तीच चाल, तोच फोन, पण आता बोलतेय ती. ती म्हणते, मी तुझी खूप वाट पाहिली, फार वेळा पाहिली, आता हा इथेच राहणार. रात्री दीड वाजता मी हे ऐकलं आणि पार्टनरला उठवून सांगितलं, "अगं, तिने उत्तर दिलंय!" पार्टनरने उशी फेकून मारली. असो.

अशा गाण्याला तिकडे 'आन्सर साँग' म्हणतात, म्हणजे उत्तराचं गाणं. आपल्याकडे सवाल-जवाब आहेत, कलगी-तुरा आहे, त्यामुळे कल्पना परकी वाटायला नको. फरक एवढाच, की इथे सामना एका फडात समोरासमोर होत नाही. एक रेकॉर्ड बाजारात येते, धो-धो खपते, आणि काही आठवड्यांत दुसरी कंपनी त्याच चालीवर पलीकडच्या बाजूचं गाणं काढते. यात क्रांती वगैरे कमी आणि धंदा जास्त होता. चाल लोकांच्या तोंडात आधीच बसलेली, मग नवीन गाणं पटकन खपणार. पण या धंद्याच्या फटीतून एक गोष्ट आत शिरली. गाजलेली गाणी बहुतेक पुरुषांची असायची, आणि त्या गाण्यांतली दुसरी बाजू बहुतेक वेळा बाईची असायची. त्यामुळे उत्तर द्यायला बाईच लागायची.

यातलं सगळ्यात मोठं उत्तर १९५२ सालचं. त्या वर्षी हँक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' आलं आणि १५ आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. गाण्यातला नवरा तक्रार करतोय, की त्याची बायको त्याला सोडून 'हॉन्की टॉन्क'च्या दुनियेत निघून गेली, आणि अशा बायकांना देवानेच तसं घडवलंय हे आपल्याला आधी कळलं नाही. हॉन्की टॉन्क म्हणजे दारू, नाच आणि ज्यूकबॉक्स असलेला रस्त्याकडेचा गुत्ता. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलाच्या पट्ट्यात असे गुत्ते बरेच वाढले. आत इतका कल्ला असायचा, की साधी गिटार ऐकूच येईना. तिथे विजेवर चालणाऱ्या गिटारी रुळल्या. (अणुविद्युत शाखेने याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.)

याला उत्तर दिलं किटी वेल्सने. तिचं खरं नाव एलेन म्युरिएल डीसन, जन्म नॅशव्हिलचा. १९५२ मध्ये ती ३२ वर्षांची होती, तीन मुलांची आई. नवरा जॉनी राइट स्वतः गायक. तिचं स्टेजवरचं नाव त्यानेच एका जुन्या गाण्यावरून ठेवलेलं. तिच्या आधीच्या रेकॉर्ड चालल्या नव्हत्या आणि ती आता घरीच बसायच्या विचारात होती. तेवढ्यात डेक्का कंपनीकडून विचारणा आली. तिने नंतर सांगितलं, की त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की रेकॉर्डिंगचे ठरलेले १२५ डॉलर तरी मिळतील. ३ मे १९५२ रोजी तिने 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स' म्हटलं.

नावातच उत्तर आहे: हे देवाने केलेलं नाही. मग कोणी केलं? तर घरी लग्नाची बायको असताना बाहेर मोकाट फिरणाऱ्या पुरुषांनी. आणि बोट मात्र दरवेळी बाईकडे. मी पहिल्यांदा ऐकायला बसले तेव्हा वाटलं होतं, बाई चिडलेली असेल, ओरडेल. अजिबात नाही. ती सरळ उभी राहून, किंचित नाकात, सपाट आवाजात गाते. चर्चमध्ये म्हणतात तसं. त्यामुळेच ते जास्त लागतं. ओरडली असती तर 'बघा, तसलीच आहे' म्हणायला लोक मोकळे झाले असते. इथे घरची पोळी-भाजी करून आलेली बाई बोलतेय, तिला काय म्हणणार?

म्हणणाऱ्यांनी तरी म्हटलंच. एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली. नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्रीवाल्यांचा सगळ्यात मानाचा कार्यक्रम. तिथेही सुरुवातीला तिला हे गाणं म्हणू दिलं नाही. लक्षात घ्या, प्रश्नाचं गाणं रेडिओवर दणक्यात वाजत होतं. बायको दारूच्या गुत्त्यात गेली हे पुरुषाने गाऊन सांगितलेलं चालत होतं. आक्षेप फक्त उत्तराला होता. तरीही ऑगस्टमध्ये ते पहिल्या नंबरवर पोचलं आणि सहा आठवडे राहिलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईचं गाणं पहिलं येण्याची ती पहिली वेळ. बायकांच्या रेकॉर्ड खपत नाहीत हे कंपन्यांचं ठाम गणित होतं, ते त्या पावसाळ्यात चुकलं. (तिकडे पावसाळा नसतो, माहीत आहे.)

आता यातली खुपणारी बाजूही सांगायला हवी. हे गाणं किटी वेल्सने लिहिलेलं नाही. लिहिणारा पुरुष होता, लुईझियानामधल्या क्राउलीचा जे. डी. मिलर. या मिलरने पुढे १९६० च्या दशकात काळ्या लोकांविरुद्धच्या अतिशय हिणकस रेकॉर्ड स्वतःच्या कंपनीतून विकल्या. एकीवरचा अन्याय बरोबर दिसणाऱ्या माणसाला शेजारचा दिसेलच असं नाही. शिवाय बाईच्या तोंडचे शब्द पुरुषाने लिहिण्याची परंपरा आपलीही जुनीच. लावणी गायची बाई, शब्द राम जोशी किंवा होनाजीचे. कलगीवाले शक्तीची बाजू मांडतात, पण मांडणारे शाहीर बहुतेक पुरुषच. हे मी आमच्या वाचनालयातल्या काकांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "मग काय, आवाज तरी तिचाच होता ना?" मला हे अर्धंच पटतं. शब्द उसने, चाल उसनी, प्रश्नही दुसऱ्याचा. मग तिचं नेमकं काय होतं, या प्रश्नाने माझा एक आख्खा रविवार खाल्ला.

त्या रविवारी मला सापडलं ते असं. ती चाल थॉम्पसनची नव्हतीच. १९३६ मध्ये रॉय अकफने त्याच चालीवर एक धार्मिक गाणं रेकॉर्ड केलं होतं. आणि त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, कार्टर फॅमिलीने. कार्टर फॅमिली म्हणजे व्हर्जिनियाच्या डोंगरातली तीन माणसं: ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि नात्यातली मेबेल. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ते तिघं पहिल्या रेकॉर्डिंगसाठी ब्रिस्टल गावात आले तेव्हा मेबेल गरोदर होती. गाणी गोळा करायचं काम ए. पी.चं, गिटार मेबेलची, आणि मुख्य आवाज सेराचा. म्हणजे थॉम्पसनच्या २३ वर्षं आधी ही चाल एका बाईच्याच आवाजात रेकॉर्ड झाली होती. सेराच्या गाण्यातली बाई दूर गेलेल्या प्रियकराची आठवण काढतेय; भांडण नाही, काही नाही. तिन्ही गाणी ओळीने लावून ऐका. पहिली ती, मग तो, मग परत ती. तिसऱ्या गाण्यापर्यंत आल्यावर कोणी कोणाला उत्तर दिलं, हे मला तरी सांगता येत नाही.

किटी वेल्सनंतर उत्तरांची रांगच लागली. १९५३ मध्ये गोल्डी हिलने एका गाजलेल्या गाण्याला उत्तर देऊन पहिला नंबर गाठला. वेब पिअर्सच्या चोरट्या प्रेमाच्या गाण्याला पुन्हा किटी वेल्सनेच उत्तर दिलं, की त्या चोरीची किंमत मी एकटी मोजतेय. बरीचशी उत्तरं पाट्या टाकल्यासारखी होती, विसरली गेली. पण १९६५ चं एक मला पाठ आहे. रॉजर मिलरचं 'किंग ऑफ द रोड' आमच्या शाळेत पिकनिकच्या बसमध्येही म्हणायचे: खिशात दमडी नाही, घर नाही, नोकरी नाही, तरी मी रस्त्याचा राजा. त्याला जोडी मिलरने उत्तर दिलं, 'क्वीन ऑफ द हाउस'. पोरं, भांडी, बिलं, आणि मी घराची राणी. हसत हसत म्हटलंय, ग्रॅमीसुद्धा मिळालं. पण नीट ऐकलं की कळतं: त्याच्याकडे काहीच नाही, म्हणून तो राजा आहे. तिच्याकडे सगळं आहे आणि तिला उंबऱ्याबाहेर पडता येत नाही.

राजा-राणीवरून आपल्या कॅम्पसचा विषय निघणं अपरिहार्य आहे. मुलींच्या हॉस्टेलचा इन-टाइम साडेआठ. रीडिंग हॉल बारापर्यंत उघडा. या दोन वाक्यांच्या मध्ये काय आहे, ते प्रत्येक मुलीला माहीत आहे.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला मुलांच्या हॉस्टेलने एका हिंदी सिनेमाच्या चालीवर 'साडेआठची लोकल' म्हणून आयटम बसवला होता. साडेआठला पाच मिनिटं कमी असताना गेटकडे पळणाऱ्या मुली, स्कूटीवर ट्रिपल सीट, काखेत मिनी ड्राफ्टर, वॉचमन काकांचं घड्याळ. खरंच भारी होतं. मीही हसले, पळणाऱ्यांत मी होतेच. शेवटच्या कडव्यात मात्र उशिरा येणाऱ्या मुली कुठून येतात याबद्दल एक ओळ होती. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. आमच्या मजल्यावरची एक सेकंड इयरची मुलगी त्याच आठवड्यात दोनदा उशिरा आली होती. रोबोटिक्सच्या टीममध्ये ती एकटी मुलगी. स्पर्धेच्या आदल्या दिवसांत मोटर ड्रायव्हर जळाला म्हणून लॅबमध्ये थांबावं लागलं होतं, रजिस्टरमध्ये सरांची सही आहे. पण गाण्यातली ओळ सगळ्यांच्या तोंडात बसली, सही कोण बघतो? पुढचा महिनाभर कँटीनमध्ये ती दिसली की कोणीतरी ती ओळ गुणगुणायचं. नंतर तिने टीम सोडली. कारण विचारलं तर म्हणाली, "सबमिशन आहेत."

गॅदरिंग तीन दिवसांचं होतं. पहिल्या रात्री आम्ही चौघींनी बसून त्याच चालीवर उत्तर लिहिलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी स्क्रूटिनीला दिलं. अर्ध्या तासात फॉर्म परत आला. "विषय वाढवू नका." आमचं गाणं त्यांच्या गाण्यापेक्षा सौम्य होतं हे मी शपथेवर सांगते. मूळ गाणं याच स्क्रूटिनीतून पास झालं होतं. माझ्यासोबतच्या तिघी संतापल्या, आणि मला मात्र एनबीसी रेडिओ आठवून हसू यायला लागलं. तिघींना वाटलं, ताणाने हिच्यावर परिणाम झाला.

मग आम्ही ते गाणं रात्री जेवणानंतर लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये म्हटलं. मेसच्या मावशींनी परातीवर ठेका धरला. रेक्टर मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत ऐकलं, आणि "चला, दिवे घालवा आता" म्हणून गेल्या. छान वाटलं. पण ज्यांना उत्तर द्यायचं ते तिथे नव्हते आणि जिच्यासाठी लिहिलं ती खोलीतून बाहेर आली नव्हती.

तेव्हापासून मी लॉरेटा लिन जास्त ऐकायला लागले. केंटकीच्या बुचर हॉलोमधली, कोळशाच्या खाणीतल्या मजुराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न. नवऱ्याने आणून दिलेल्या १७ डॉलरच्या गिटारवर स्वतःच शिकली. किटी वेल्स तिचं दैवत होती, पण हिने दुसरी वाट धरली. दारू पिऊन घरी येऊ नकोस असं नवऱ्याला सुनावणारं तिचं गाणं १९६७ मध्ये पहिलं आलं. ते तिने बहिणीसोबत लिहिलं होतं. ते कुठल्याही गाजलेल्या गाण्याचं उत्तर नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं, तर उत्तराचं गाणं म्हणजे अँप्लिफायर: इनपुटला सिग्नल द्या, आउटपुट घ्या. लॉरेटा लिन ऑसिलेटर होती. ऑसिलेटरला बाहेरून सिग्नल लागत नाही, सर्किटच्या आतला नॉइज पुरतो. तिच्या घरात नॉइज भरपूर होता. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' मिळवणारी ती पहिली बाई. त्याच वर्षी तिने 'द पिल' रेकॉर्ड केलं, गर्भनिरोधक गोळीबद्दलचं. कंपनीने ते १९७५ पर्यंत बाहेर काढलं नाही, आणि काढल्यावर अनेक रेडिओ स्टेशनांनी वाजवलं नाही. तरी पाचव्या नंबरपर्यंत गेलं. २०२२ मध्ये ती वारली तेव्हा मी बारावीच्या प्रिलिममध्ये होते; केमिस्ट्रीच्या पुस्तकात डोकं घालून ऐकत बसले होते.

आमच्या रूमवर यावरून वादही झालाय. पार्टनरचं म्हणणं, लॉरेटाच खरी, उत्तरवाल्या बायका दुय्यम. मग टॅमी वायनेटचं काय, असं मी विचारते. १९६८ चं तिचं 'स्टँड बाय युवर मॅन', नवऱ्याच्या पाठीशी उभी राहा म्हणणारं. तिने स्वतः पाच लग्नं केली. ते गाणं मला पटत नाही, पण तिचा आवाज वर चढतो तिथे दरवेळी काटा येतो. बाईचा आवाज म्हणजे आपल्याला हवं तेच बोलणारी बाई, असं थोडंच आहे?

यंदाच्या गॅदरिंगचे फॉर्म निघाले तेव्हा मात्र मला आठवला वेलन जेनिंग्ज. १९८१ साली त्याने आणि त्याची बायको जेसी कोल्टर हिने मिळून एक रेकॉर्ड काढली. थॉम्पसनचं गाणं आणि किटी वेल्सचं गाणं एकात एक जोडून, एकच गाणं. प्रश्न वाजवायचा असेल तर उत्तरही वाजवावंच लागणार.

'साडेआठची लोकल' लिहिणारा मुलगा मेकॅनिकलचा आहे. त्याला कँटीनमध्ये गाठलं, हे सगळं सांगितलं. तो आधी कानकोंडा झाला. म्हणाला, "शेवटचं कडवं काढून टाकतो ना मी." आम्ही म्हटलं, काढू नकोस, ते काढलं तर आमचं उत्तर कशाला? बराच वेळ चमचा ढवळत बसला, मग म्हणाला, "ती ओळ मीच म्हणायची?" आम्ही म्हटलं, हो, तूच.

सेकंड इयरच्या त्या मुलीलाही आमचे शब्द दाखवले. नाही म्हणाली असती तर तिथेच थांबलो असतो. तिने दोनदा वाचलं आणि पेनने एकच दुरुस्ती केली. आम्ही 'मोटर जळाली' लिहिलं होतं. तिने 'मोटर'पुढे 'ड्रायव्हर' घातलं. चालीत बसत नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "बसवा."

फॉर्मवर कार्यक्रमाचं नाव एकच आहे, सहभागी आठ, कालावधी सहा मिनिटं. हे लिहितेय तेव्हा तो स्क्रूटिनीच्या टेबलावर आहे, आणि 'ड्रायव्हर' अजून चालीत बसलेलं नाही.